दुभत्या गाईच्या लाथा शेजाऱ्याने का खाव्यात?

दुभत्या गाईच्या लाथा गोड, असे आपण म्हणतो. म्हण खरी आहे, पण ज्याच्या घरात दूध येते त्याच्यापुरतीच. शेजाऱ्याच्या घरी दूध जात नाही, लाथा मात्र जातात. गाय त्याच्या वालाच्या शेतात शिरते, कोंबड्या त्याचे वाळवण विस्कटतात, बकरी दारातली मिरचीची रोपे खुडते आणि कुत्रा त्याच्या पोराच्या मागे लागतो. तो तक्रार घेऊन आला की आपले उत्तर तयार असते, "जनावर आहे ते, त्याला काय कळतंय?" जनावराला कळत नाही हे कबूल. पण मालकाला तरी कळायला हवे की नको?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा आणि त्याला लागून असलेली म्हारळ, वरप, कांब्यापासून वांगणीपर्यंतची गावे यांत हा प्रश्न आता किरकोळ राहिलेला नाही. बांधावरून भांडणे पूर्वीही होत, आजही होतात. पण जनावरावरून सुरू झालेले भांडण बांधाच्या भांडणापेक्षा वाईट असते. बांध एका जागी असतो, मोजणी आणून त्याचा निकाल लावता येतो. जनावर रोज सुटते, रोज शेजाऱ्याच्या दारात जाते आणि रोज नवा वाद घेऊन घरी येते. चार पिढ्यांचा शेजार एका कुत्र्यापायी तुटतो. अशी घरे प्रत्येक गावात आहेत, नावे घेण्याची गरज नाही.

हा आपला मुलूख जनावरांना परका नाही. जुन्या वाटेवर येथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर, असे नावाबद्दल सांगितले जाते. भातशेतीचा प्रदेश म्हटला की बैलजोडी आली, शेणखतासाठी गुरे आली, राखणीला कुत्रा आला. गाव विरळ होते, घराला परसू होते आणि परसाला कुंपण होते. तेव्हा कुत्रा रात्रभर भुंकला तरी त्याचा आवाज शेतावर विरून जायचा. गुरे दिवसभर गुरचरणीत असायची, संध्याकाळी गुराखी ती परत आणायचा. जनावराने करायच्या खोड्या तेव्हाही होत्या. पण खोडीला जागा होती आणि जनावरावर लक्ष ठेवायला माणूस होता.

आता जागाही गेली आणि माणूसही गेला. उल्हासनगर तर मुळातच दाटीत वसले. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे राहिली आणि १९४९ साली या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकीत भिंत एक आणि घरे दोन, त्यामुळे शेजाऱ्याचा खोकलाही ऐकू येणार. अंबरनाथला कारखाने आले, बदलापूरला मुंबईत घर न परवडणारी नोकरदार कुटुंबे आली. गावठाणाच्या पाठीला पाठ लावून सात-सात मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. आज एका बाजूला गोठा आहे आणि चार हातांवर दुसऱ्याच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे. गुरचरणी आक्रसल्या, गुराख्याची पोरे शाळेत किंवा एमआयडीसीत गेली (आणि ते चांगलेच झाले), पण गुरे राखायचे काम कोणी करायचे याचा निर्णय गावाने घेतलाच नाही. मग गुरांनीच तो घेतला. ती रस्त्यावर बसू लागली.

भाताच्या कापणीनंतरचे नुकसान

आपल्याकडे एक जुना रिवाज आहे. भात कापून झाले की गुरे मोकळी सोडायची. शेत रिकामे, कोणाचे काय खाणार? सगळ्यांचे शेत एकदम रिकामे होत असे तोवर हे ठीक होते. पण भाताच्या ओलीवर वाल, हरभरा, मूग पेरणारा किंवा विहिरीच्या पाण्यावर भाजी करणारा शेतकरी गावात एक जरी असला, तरी हा रिवाज त्याच्या मुळावर येतो. सगळ्या शिवारात हिरवे ते तेवढेच. गावातली सगळी गुरे तिकडेच वळणार. काट्यांचे कुंपण करा, रात्री जागा, हाकारे घाला. एक पहाट डोळा लागला की दोन महिन्यांची मेहनत फस्त. दुसऱ्या वर्षी तो शेतकरी म्हणतो, "कशाला पेरायचं? गुरांसाठी?" आणि जमीन पडीक राहते. दुबार पिकासाठी सरकारने कितीही योजना आणल्या तरी ज्या गावात गुरे मोकाट आहेत तेथे दुबार पीक उभे राहणार नाही, हे कृषी सहायकालाही ठाऊक आहे.

यावर पूर्वजांनी कोंडवाडा काढला होता. १८७१ च्या कोंडवाड्याच्या कायद्याने शेतकऱ्याला हक्क दिला की पिकात शिरलेले जनावर धरून कोंडवाड्यात न्यावे, आणि मालकाने दंड व चाऱ्याचा खर्च भरून ते सोडवावे. हा कायदा इंग्रजांचा असला तरी त्यातली गोष्ट साधी आहे. नुकसान ज्याचे झाले त्याने ते सोसायचे नाही, जनावर ज्याचे त्याने भरायचे. आज किती ग्रामपंचायतींचा कोंडवाडा शाबूत आहे, हे सरपंचांनी स्वतः जाऊन पाहावे. कुठे भिंत पडलेली, कुठे आत सरपण, तर कुठे जागेवर दुसरेच काही उभे.

"मालक सापडत नाही" ही पळवाटही आता राहिलेली नाही. गुरांच्या कानात बारा आकडी बिल्ला मारला जातो आणि त्या आकड्याखाली मालकाची नोंद असते. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. म्हणजे रस्त्यात बसलेल्या गाईचा मालक शोधायला आता गावभर विचारत फिरावे लागत नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात आकडा सांगितला की नाव निघते. प्रश्न फक्त विचारण्याच्या इच्छेचा आहे.

कुत्रा कोणाचा?

गुरांचे नुकसान खिशाला लागते. कुत्र्याचे जिवाला लागू शकते, म्हणून त्याचा विचार जास्त गंभीरपणे करायला हवा.

आपल्या गावांत कुत्र्यांची एक गंमत असते. राखण करतो तेव्हा कुत्रा पाटलांचा असतो, चावतो तेव्हा तो गावाचा होतो. सकाळी त्याला भाकरी घालणारे तीन घरचे असतात, पण तो कोणाच्या पिंडरीला लागला की तिन्ही घरे हात वर करतात. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण पोरांइतकीच कुत्र्यांनाही लागू आहे. "आमचा मोती काही करत नाही" असे सांगणारा मालक खोटे बोलत नसतो. मोती त्याला खरेच काही करत नाही. पण पहाटे दूध घालणारा, पेपर टाकणारा पोरगा, पाळी संपवून सायकलवर घरी जाणारा कामगार, मुंबईहून रात्रीच्या शेवटच्या गाडीने उतरून अंधारात घराकडे निघालेली बाई यांना मोती ओळखत नाही. कुत्र्याची ओळख आपल्याशी असते, रस्त्याशी नसते.

आणि चावा म्हणजे नुसती जखम नाही. रेबीजची, म्हणजे पिसाळण्याची लक्षणे एकदा दिसली की माणूस वाचत नाही, असेच धरून चालावे. पण लक्षणे दिसण्यापूर्वी वेळेवर उपचार झाले तर हा रोग टळतो. म्हणून काय करायचे ते प्रत्येक घरात पाठ असावे. चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. हळद, चुना, तिखट, चहापूड काही भरायचे नाही. मांत्रिकाकडे, उतरवणाऱ्याकडे वेळ घालवायचा नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा सरकारी रुग्णालय गाठायचे. तेथे लस मोफत मिळते. कातडीत द्यायची लस असेल तर पहिल्या दिवशी, नंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असे चार फेरे असतात. जखम बरी दिसली म्हणून शेवटचा फेरा चुकवू नये. जखम खोल असेल, रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचे वेगळे इंजेक्शनही लागते. ते डॉक्टरांना आठवणीने विचारावे. कुत्रा पाळलेला असेल, त्याला लस दिलेली असेल, तरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय राहू नये. आणि चावलेला कुत्रा मारून टाकू नये. तो दहा दिवस नजरेखाली ठेवावा. दहा दिवसांत तो धडधाकट राहिला तर डॉक्टर पुढचा निर्णय घेऊ शकतात. मेलेल्या कुत्र्यावरून असे काही ठरवता येत नाही.

यात मालकाचे काम किती आहे? पिल्लू तीन महिन्यांचे झाले की लस, मग दरवर्षी लस. कुत्री असेल तर वेळेवर शस्त्रक्रिया करून तिची नसबंदी. गळ्यात पट्टा. रात्री अंगणात, फाटक बंद. बाहेर नेताना साखळी हातात. एवढे ज्याला होत नाही त्याने कुत्रा पाळू नये, हे कटू वाटले तरी सांगितले पाहिजे. केंद्र सरकारने २०२३ साली आणलेल्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतही पाळीव प्राण्याची लस, जंताचे औषध आणि नसबंदी ही जबाबदारी मालकाचीच ठरवली आहे. भटक्या कुत्र्यांची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे आणि ग्रामपंचायतही त्यात आली.

एक गोष्ट मात्र मालकांनी उलटी करू नये. शेजारी ओरडतो म्हणून कुत्र्याला चोवीस तास साखळीला बांधून ठेवणे हा इलाज नाही. तसा कुत्रा जास्त भुंकतो, चिडका होतो आणि सुटला की आधी माणसावर जातो. सतत बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणे ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे क्रूरता आहे. जनावर उपाशी मरेल अशा अवस्थेत त्याला सोडून देणे हीसुद्धा त्याच कायद्याप्रमाणे क्रूरता आहे. जुने घर पाडून इमारतीत राहायला गेलेली काही मंडळी कुत्रा तेथेच सोडून जातात. उद्या तोच टोळीत सामील होतो, आणि मग आपणच नगरपालिकेकडे भटक्या कुत्र्यांची तक्रार घेऊन जातो.

उकिरडा, माश्या आणि पाणी

शेण हे शेतकऱ्याचे धन आहे. पण ते शेतात पोहोचेपर्यंत कोठे ठेवायचे याचे भान हवे. शेजाऱ्याच्या खिडकीखाली उकिरडा, गोठ्याचे मूत उघड्या गटारात आणि गटार पुढे विहिरीच्या कडेने, हे दृश्य अनेक गावांत आहे. माश्या होतात, डास होतात. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिले की माश्या, डास आणि गोचिडांना मालकीची हद्द कळत नाही. ज्याने गोठा स्वच्छ ठेवला त्याच्याही गाई शेजारच्या घाणीमुळे धोक्यात आल्या.

पावसाळ्यात हा धोका माणसांपर्यंत येतो. उल्हास नदी भरली की बदलापूर आणि वांगणीच्या सखल भागात पाणी चढते. २६ जुलै २००५ कोणी विसरलेले नाही. त्या पुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली. हा रोग प्रामुख्याने उंदरांच्या आणि त्याबरोबर बाधित गुरांच्या व कुत्र्यांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होतो, पायाच्या भेगांतून अंगात शिरतो. म्हणजे गोठ्याचे मूत खड्ड्यात जिरवायचे की गटारात सोडायचे हा नुसत्या वासाचा प्रश्न नाही. भातलावणीला चिखलात उतरणाऱ्या आपल्याच बायामाणसांच्या प्रकृतीचा आहे.

मुंबईने हा अनुभव फार आधी घेतला. वस्तीतले म्हशींचे तबेले आणि त्यांची घाण यावर उपाय म्हणून स्वातंत्र्यानंतर लगेच आरे येथे दुग्धवसाहत उभारली गेली आणि तबेले तेथे हलवले. पुढे १९७६ साली शहरी भागात गुरे पाळण्यावर परवान्याचे बंधन घालणारा कायदा राज्याने केला. गाव शहराला मिळाले की हा कायदा आज ना उद्या दारात येणारच. तो येण्याआधीच गावांनी गोठ्यांसाठी वस्तीपासून अंतरावर एकत्र जागा राखून ठेवली, तर दुधाचा धंदाही टिकेल आणि तक्रारीही थांबतील. आज राहिलेली गुरचरण त्यासाठीच जपली पाहिजे.

कुत्र्यांमागून बिबट्या

आणखी एक धोका आपल्याकडे आहे. जानेवारी २०१९ मध्ये उल्हासनगरच्या भरवस्तीत बिबट्या शिरला होता आणि वनखात्याने त्याला बेशुद्ध करून पकडले होते. बिबट्या वस्तीकडे का येतो? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात झालेल्या अभ्यासात असे दिसले की तेथील बिबट्यांच्या आहारात पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. उघड्यावर टाकलेली कोंबडीच्या दुकानांची घाण कुत्री पोसते आणि पोसलेली कुत्री बिबट्याला वाट दाखवतात. मलंगगडाच्या पायथ्याची आणि बारवीच्या बाजूची गावे जंगलाला लागून आहेत. अशा गावात रात्री अंगणात मोकळा सोडलेला कुत्रा, दार नसलेल्या गोठ्यात बांधलेली बकरी हे पाहुण्याला दिलेले आमंत्रण आहे. त्या पाहुण्याची गाठ पडते ती मात्र पहाटे उठलेल्या शेजारणीशी.

भलते उपाय

त्रास असह्य झाला की शेजारी भलत्या उपायाला जातो. कोणी पिठाच्या गोळ्यात औषध घालून टाकतो, कोणी शेतात शिरलेल्या गाईवर कोयता चालवतो, कोणी पोत्यात पिल्ले भरून पुढच्या गावात सोडतो. यातला प्रत्येक उपाय रोगापेक्षा वाईट आहे. फवारणीचे औषध घातलेला गोळा कुत्र्याला कळत नाही तसा तो लहान पोरालाही कळत नाही. आणि कायद्याचा हिशेबही पाहावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जनावर बेपर्वाईने ठेवून दुसऱ्याच्या जिवाला धोका करणाऱ्या मालकाला कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण जनावराला मारणाऱ्या, विष घालणाऱ्या किंवा निकामी करणाऱ्याला कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे काल ज्याचे नुकसान झाले तो फिर्यादी आज विष घालून मोठा आरोपी होतो. राग खरा असला तरी हा सौदा तोट्याचा आहे.

मारून प्रश्न सुटत नाही याला इतिहासही साक्ष आहे. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली, त्यावरून पारशी समाज खवळला आणि शहरात दंगल झाली. आज जवळजवळ दोनशे वर्षांनी कुत्री मुंबईतही आहेत आणि भांडणेही आहेत. एका जागची कुत्री संपवली की उघड्या कचऱ्यावर शेजारची कुत्री येतात. म्हणून सध्याचे नियम सांगतात की भटक्या कुत्र्यांना पकडायचे, नसबंदी करायची, लस टोचायची आणि त्याच भागात परत सोडायचे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हीच पद्धत कायम ठेवली, पिसाळलेल्या आणि हल्लेखोर कुत्र्यांना वगळले आणि कुत्र्यांना कुठेही खायला न घालता ठराविक जागी घालावे असे सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके येथून कुत्री हलवावीत आणि महामार्गांवरची मोकाट गुरे हटवावीत असेही बजावले. दिल्लीचा आदेश दिल्लीपुरता, असे आता म्हणता येणार नाही.

नव्या रहिवाशांनाही दोन शब्द

दोष सगळा गोठेवाल्यांचा, असे आमचे म्हणणे नाही. गावठाणाशेजारी घर घ्यायचे, बिल्डरच्या पत्रकातली हिरवळ पाहून खूश व्हायचे आणि मग कोंबडा पहाटे आरवतो म्हणून पोलिसांत जायचे, हेही बरोबर नाही. कोंबडा तुमच्या आधीपासून आरवतो आहे. शेतकऱ्याच्या गोठ्याला शेणाचा थोडा वास येणारच. सोसायट्यांनीही आपल्या अंगणात पाहावे. विलायती कुत्रा हौसेने आणायचा, त्याला सकाळी गावाच्या वाटेवर घाण करायला न्यायचे आणि ती तेथेच टाकून यायचे, हा कोणता शहाणपणा? सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली स्पष्ट केले. पण त्याच सूचनांत मालकांनी स्वच्छता राखावी, कुत्रा साखळीत ठेवावा, शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नये हेही सांगितले आहे. हक्काचा भाग सगळ्यांना पाठ असतो, कर्तव्याचा भाग मात्र कोणी वाचत नाही.

ग्रामपंचायतीने काय करावे

हे सगळे पोलीस ठाण्यात न्यायचे नसेल तर गावात सोडवावे लागेल. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने दाखवून दिले की गावातले पुष्कळ वाद गावातच मिटतात, फक्त बसायला जागा आणि ऐकायला माणसे हवीत. जनावरांचे वाद तर तेथेच मिटायला हवेत. त्यासाठी पुढील गोष्टी ग्रामपंचायतींनी कराव्यात असे आम्ही सुचवतो.

पहिली गोष्ट, नोंद. गावात कोणाकडे किती गुरे, किती शेळ्या, किती कुत्रे याचे एक रजिस्टर ग्रामपंचायत कार्यालयात असावे. गुरांच्या कानातला आकडा त्यात लिहावा. कुत्र्याच्या नावापुढे लसीची तारीख लिहावी. ज्याच्या नावापुढे कुत्रा आहे त्याला नंतर "तो गावाचा आहे" म्हणता येणार नाही. शहरात महानगरपालिकेच्या कायद्यात कुत्र्यांच्या नोंदणीची तरतूद आहेच. गावाने ती आपल्या पद्धतीने करावी.

दुसरी, गुराखी. भाताची कापणी झाल्यापासून वाल-हरभऱ्याचे पीक निघेपर्यंत तरी गावाने एकत्र गुराखी ठेवावा आणि प्रत्येक गुरामागे ठरेल तो वाटा मालकाने द्यावा. पूर्वी तो भात देऊन दिला जायचा, आता पैशांत द्यावा. गुराख्याचे पैसे जास्त वाटले तर शेजाऱ्याच्या शेतातल्या नुकसानीची भरपाई मोजून पाहावी.

तिसरी, कोंडवाडा. भिंत दुरुस्त करा, पाण्याची टाकी ठेवा, चाऱ्याची सोय करा आणि दंडाचा दर फळ्यावर लिहा. एकदा सरपंचांच्या स्वतःच्या भावकीतले जनावर कोंडवाड्यात गेले आणि दंड भरून सुटले, की पुढे गावाला सांगावे लागत नाही. ज्यांची गुरे पुन्हा पुन्हा सुटतात त्यांनी लोढणे अडकवायची जुनी युक्ती तरी करावी.

चौथी, लसीचा दिवस. पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना पत्र देऊन वर्षातून एकदा गावात कुत्र्यांच्या लसीकरणाचे शिबिर लावावे. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो, तो धरला तर तारीख विसरली जात नाही. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीला एकट्या ग्रामपंचायतीची ताकद पुरणार नाही. उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर नगरपालिका आणि लगतची गावे यांनी हे काम एकत्र करायला हवे. कुत्र्यांना पालिकेची हद्द कळत नाही. एका बाजूला नसबंदी आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, तर पैसा वाया जातो.

पाचवी, घाण. कोंबडी-मटणाच्या दुकानांची घाण कोठे जाते हे ग्रामपंचायतीने स्वतः पाहावे. ती पुरायची की गाडीने न्यायची ते दुकानदाराकडून लिहून घ्यावे. उकिरडे वस्तीपासून दूर हलवण्यासाठी मुदत द्यावी आणि शेणखताच्या खड्ड्यांसाठी जागा दाखवावी.

सहावी, तक्रारीची पायरी. तक्रार आली की आधी पोलीस पाटील आणि दोन जाणत्या माणसांनी दोघांना समोर बसवावे. नुकसान पाहून तेथेच भरपाई ठरवावी आणि ती कागदावर घ्यावी. मालक दुसऱ्यांदा चुकला तर ग्रामपंचायतीची नोटीस. तरीही ऐकत नसेल, जनावर माणसाच्या जिवावर उठत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रव हटवण्यासाठी अर्ज करता येतो. धोकादायक जनावराचा बंदोबस्त करण्याचा आदेश ते देऊ शकतात. ही शेवटची पायरी आहे. पण ती आहे हे मालकाला ठाऊक असले म्हणजे पहिल्या पायरीवरच काम होते.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या ग्रामसेवकांनी, हा विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत घालावा. तारीख मुद्दाम सुचवतो आहोत. तेव्हा भात अजून शेतात उभे असते, गुरे बांधलेली असतात आणि कोणाचे कोणाशी भांडण झालेले नसते. डोके शांत असताना केलेला नियम सगळे पाळतात. वालाचे शेत खाऊन झाल्यावर घेतलेली सभा म्हणजे बैल गेला अन् झोपा केला.

जनावर पाळणे हा आपला धर्म आहे असे आपण मानतो. पोळ्याला बैलांची पूजा करतो, वसुबारसेला गाईला ओवाळतो. त्याच गाईने दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचे पीक खाल्ले, तर पूजेचे पुण्य कोणाच्या पदरात आणि नुकसान कोणाच्या? जनावर आपले म्हटले की त्याचे दूधही आपले, शेणही आपले आणि त्याने केलेली खोडीही आपलीच. हे ज्या गावाने एकदा मान्य केले, तेथे कोणाला विषाची पुडी शोधावी लागणार नाही आणि पोलीस ठाण्याची वाटही धरावी लागणार नाही. शेजारी रात्री निवांत झोपेल. आपल्या गोठ्याला कधी आग लागलीच तर पहिली घागर घेऊन धावत येणार आहे तो हाच शेजारी.